वादळी पावसात, स्टॅबिलायझर असतानाही एसीचा प्लग काढावा लागतो का?

होय, काढावा लागतो, आणि तोही आभाळ भरून येतानाच. चांगला स्टॅबिलायझर असताना एवढी खबरदारी कशाला, असे आपण विचारले आहे. नेमके हेच चार वर्षांपूर्वी माझ्या दाजींनी मला चारचौघांत विचारले होते आणि तेव्हा मला नीट उत्तर देता आले नव्हते, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

आम्ही परभणीचे. मे महिन्यात दिवसभर अंगाची लाही होते आणि संध्याकाळी धुळीचे लोट उठवत वळीव येतो. त्या संध्याकाळी भाचीच्या साखरपुड्यामुळे घर पाहुण्यांनी भरले होते. वाऱ्याने लाइट दोनदा जाऊन आली, तेव्हा मी प्लग काढायला उठलो, पण दाजी म्हणाले, "रिमोटने बंद कर की. मग स्टॅबिलायझर कशाला घेतलास?" थोरांचा शब्द मोडायचा नाही म्हणून मी रिमोटचे बटण दाबून खाली बसलो. दहा मिनिटांत गल्लीमागे, डीपीच्या बाजूला, वीज कोसळली आणि घरभर अंधार झाला. रात्री उशिरा लाइट आली, एसी मात्र सुरू झाला नाही. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने गच्चीवरच्या आउटडोअर युनिटमधला पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, काढून हातात दिला. त्यावरची निळी चकती उलून तिचे दोन तुकडे झाले होते आणि भोवतालचा भाग काजळीने काळा पडला होता. ती चकती म्हणजे व्हॅरिस्टर. जादा व्होल्टेज स्वतःवर घेणे हेच तिचे काम, पण त्या दिवशी तिचाही निभाव लागला नाही. नव्या पीसीबीला साडेनऊ हजार रुपये गेले. माल हलका होता, असे निदान दाजींनी केले.

माल हलका नव्हता. रिमोटने बंद केलेला एसी तारांना जोडलेलाच असतो. स्टॅबिलायझरचा रिले, म्हणजे आतला आपोआप चालणारा स्विच, हलायला सेकंदाचे काही हजारांश लागतात. कोसळलेल्या विजेचा लोट काही दशलक्षांशांतच आत शिरतो. स्टॅबिलायझर निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. वाऱ्याने न्यूट्रल तुटून २३० व्होल्टच्या घरात ४०० च्या आसपास व्होल्टेज आले, तर हाय कट असलेला, म्हणजे व्होल्टेज फार वाढल्यास पुरवठा तोडणारा, स्टॅबिलायझर एसी वाचवू शकतो. कोसळणाऱ्या विजेसाठी मात्र मेन बोर्डावर एसपीडी, म्हणजे असा लोट जमिनीत वळवणारे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, लागतो, आणि त्यालाही अर्थिंग चांगले हवे. आमच्याकडे उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळून अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात अधूनमधून पाणी ओतावे.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. विजा जवळ पडू लागल्यावर प्लगला किंवा बोर्डाला हात लावू नये; एसी गेला तर गेला. वेळीच उठता यावे म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे दामिनी ॲप ठेवावे. ते २० आणि ४० किलोमीटरच्या परिसरातील विजांची सूचना देते. एसी प्लगवर नसून थेट एमसीबीवर असेल, तर ती डबल पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी, आहे का ते पाहावे, कारण एकेरी एमसीबी फक्त फेज तोडते. लाइट आल्यावर पाचेक मिनिटे थांबून मगच एसी लावावा.

दाजींनी यंदा नवा एसी घेतला आहे. त्याचा प्लग कपाटामागे होता. मागच्या रविवारी, ते बाहेर गेले असताना, ताईला सांगून मी ते कपाट हातभर सरकवून घेतले.