हेवी लायसन्स घ्या, गाडीचं नंतर बघू

प्रश्न: मी २७ वर्षांचा, मूळ खटाव तालुक्यातला. सहा वर्षांपासून चाकणला एका कंपनीत ऑपरेटर आहे. पगार २०,०००, हातात १७,८०० येतात. घरखर्च, खोलीचं भाडं आणि गावाकडे पाठवायचे धरून १६,००० जातात. मुलगी दोन वर्षांची आहे. एफडी दीड लाख, पीएफ १ लाख ९० हजार. चारचाकीचं लायसन्स दोन वर्षांपूर्वी काढलंय. मेहुणा ट्रेलर चालवतो, महिन्याला ३० हजार सुटतात म्हणतो. मी हेवी लायसन्स काढून नोकरी सोडावी आणि जुनी दहा टायरची गाडी घ्यावी म्हणतोय. गाडी १६ लाखांना मिळतेय. ४ लाख भरायचे, १२ लाखांचं कर्ज, ४ वर्षं, १५ टक्के. चार लाखांसाठी एफडी, पीएफ आणि बायकोचं थोडं सोनं. लायसन्सला एक ड्रायव्हिंग स्कूल ९,००० मागतंय, ‘रोज यायची गरज नाही’ म्हणतात. दुसरीकडे सहा आठवड्यांच्या कोर्सचे २२,००० सांगितलेत. बायको नको म्हणते. काय करू?

उत्तर: तुमच्या एका पत्रात तीन निर्णय आहेत: लायसन्स काढायचं, नोकरी सोडायची आणि गाडी घ्यायची. तुम्ही ते एकाच दिवशी घ्यायला निघालात. पहिल्याला माझा होकार आहे. दुसऱ्यालाही होकार, पण तारीख मी सांगेन ती. तिसऱ्याला आज नकार.

लायसन्सपासून सुरुवात करू. तुमचं वय वीसच्या वर आहे आणि चारचाकीचं लायसन्स वर्षापेक्षा जुनं आहे, म्हणजे हेवीचं लर्निंग काढायला कायद्याची अडचण नाही. आठवी पासची जुनी अट २०१९ मध्ये गेली. पैसे भरण्याआधी मात्र एक काम करा: डोळे तपासून घ्या, रंग ओळखण्याच्या चाचणीसकट. मालवाहू गाडीच्या लायसन्सला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतंच. फी भरून झाल्यावर तिथे अडकण्यापेक्षा आधी पाचशे रुपये गेलेले परवडले.

आता ९,००० की २२,०००? ‘रोज यायची गरज नाही’ हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो. साध्या ड्रायव्हिंग स्कूललाही हेवीसाठी नियमाने किमान ३० दिवसांचं प्रशिक्षण आणि १५ तास प्रत्यक्ष स्टिअरिंग द्यावं लागतं. तुम्हाला जे विकलं जातंय ते सर्टिफिकेट आहे, आणि ते घेऊन तुम्ही कुठल्या मालकापुढे उभे राहणार? दुसरा कोर्स मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्राचा असेल (हे कागदावर बघून घ्या), तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तो ३८ तासांचा, सहा आठवड्यांत विभागलेला असतो आणि तो पास झाल्यावर आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट माफ असते. हिशेब करा: आठवड्याला साधारण सव्वासहा तास. शिफ्ट सांभाळून हे जमतं, नोकरी सोडावी लागत नाही. चाकणहून भोसरी लांब नाही. तिथे सीआयआरटीची (केंद्राच्या रस्ते वाहतूक संस्थेची) ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे, एका सुट्टीच्या दिवशी जाऊन बॅच आणि फी विचारून या. मी असतो तर २२,००० भरले असते.

मागच्या महिन्यात चाकणलाच एका अशिलाकडे गेलो होतो. त्यांच्या गोडाऊनसमोर चौदा टायरची गाडी रिव्हर्स लागत होती. क्लीनर मागे उभा राहून बॉडीवर थापा मारत होता, ‘येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं तोडा, येऊ द्या...’ आणि मग दोन जोराच्या थापा: थांब. डॉक (माल चढवायचा-उतरवायचा ओटा) आणि बॉडीत वीतभर अंतर. ड्रायव्हर पन्नाशीचा होता, खिडकीतून अर्धा बाहेर, एका हाताने स्टिअरिंग. अशिलाने सांगितलं, गेल्या वर्षी एका नवख्याने ह्याच डॉकचा कोपरा उडवला आणि मालकाने नुकसान त्याच्या पगारातून कापलं. ती वीत शिकायला दिवस लागतात, आणि ते दिवस दुसऱ्याच्या गाडीवर काढलेले स्वस्त पडतात.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण पत्रावरून तशी शंका आली. लायसन्स हातात येण्याआधी मेहुण्याने ‘घे थोडी हायवेला’ म्हटलं तरी घेऊ नका. काही झालं तर विमा कंपनी आधी ड्रायव्हरचं लायसन्स मागते, आणि मग मालक, मेहुणा आणि तुम्ही तिघेही लटकता. हात बसवायचाच असेल तर दुसरी वाट आहे. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल दिलाय की चारचाकीच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप तुम्ही आजच चालवू शकता. सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या कुणाच्या पिकअपवर भाजीची, फर्निचरची ट्रिप मारा. दोन रविवारांत कळेल की भरलेली गाडी रिकामीसारखी थांबत नाही, आणि हे काम आपल्याला आवडतं की नुसतं लांबून आवडतं.

आता नोकरी. मेहुण्याचे ३० हजार मी खोटे म्हणत नाही, पण ते चांगल्या महिन्याचे असणार, त्यात वाटखर्चातून वाचवलेला भत्ता धरलेला असणार, आणि त्यांना स्टिअरिंगवर किती वर्षं झाली ते तुम्ही लिहिलेलं नाही. नवख्याला कुणी लगेच मोठी गाडी देत नाही. पहिले काही महिने सेकंड ड्रायव्हर म्हणून जावं लागतं. महिना १३,००० मिळतील असं धरू आणि ते सहा महिने चाललं असं समजू.

खिशातून जाणारे पैसे असे: कोर्स २२,०००. डॉक्टर, सरकारी फी, फोटो-झेरॉक्स दोन हजार. नोकरी सोडल्यावर काम मिळेपर्यंत एक महिना रिकामा, १६,०००. सेकंड ड्रायव्हरच्या काळात घरखर्चाला दरमहा तीन हजार कमी, शिवाय विम्याचे दीड हजार, असे सहा महिन्यांचे २७,०००. एकूण ६७,०००. एफडीतून हे गेले तरी ८३,००० उरतात, म्हणजे पाच महिन्यांचा घरखर्च. पीएफला हात लावायची गरज नाही, सोन्याला तर नाहीच.

विम्याचे दीड हजार कसले? आज तुम्ही ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) आहात, कारण पगार २१,००० च्या आत आहे. बायको-मुलीचं औषधपाणी त्यात येतं. नोकरी सुटली की काही महिन्यांत ते छत्रही जातं. महात्मा फुले योजना आहे, पण ती ठरावीक उपचारांपुरती. म्हणून तिघांना मिळून एकच आरोग्य विमा (फॅमिली फ्लोटर पॉलिसी), साधा टर्म विमा आणि वैयक्तिक अपघात विमा हवा. ट्रक ड्रायव्हरला अपघात विम्यात वरच्या जोखमीच्या गटात धरतात, हप्ता थोडा जास्त येईल. अर्जात व्यवसाय खरा लिहा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण देतो, बँकेत जाऊन तो आजच सुरू करा.

पूर्ण ड्रायव्हर झाल्यावर सरासरी २५,००० धरतो. आजच्यापेक्षा ७,२०० जास्त. पण त्यातून कंपनीचा पीएफमधला हिस्सा वजा करा (तुमच्याकडे तो साधारण १,८०० असावा) आणि विम्याचे दीड हजार वजा करा. खरी वाढ महिन्याला ३,९००. ६७,००० वसूल व्हायला सतरा महिने, आधीचे सहा-सात धरले तर दोन वर्षं. हे काही वाईट नाही; तिशीच्या आत तुम्ही फायद्यात याल. ‘३० हजार विरुद्ध १८ हजार’ ह्या हिशेबाने मात्र निघू नका.

शक्यतो वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या, पीएफ कापणाऱ्या ट्रान्सपोर्ट कंपनीत लागा, दोन हजार कमी मिळाले तरी. तुमची पेन्शन योजनेत सहा वर्षं झालीत आणि पेन्शनला दहा लागतात. पीएफ आणि पेन्शनचे पैसे आता काढलेत तर ती सहा वर्षं पुसली जातील. खातं नव्या नोकरीत जोडून घ्या. लगेच पीएफवाली नोकरी नाही मिळाली तर स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनच्या झालेल्या वर्षांचा दाखला) घेऊन ठेवा.

राहिली गाडी. १२ लाख, १५ टक्के, ४८ महिने: हप्ता सुमारे ३३,४००, एकूण फेड १६ लाखांच्या वर. तीन अॅक्सलच्या ह्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा वर्षाला ४० हजारांच्या पुढे जातो, नॅशनल परमिटचे १६,५०० वेगळे, मग टॅक्स, पासिंग. हे सगळं महिन्याला साडेआठ हजार धरू. टायर आणि दुरुस्तीसाठी बाराएक हजार बाजूला काढावेच लागतात. जुन्या गाडीत एका महिन्यात चार टायर निघाले की वर्षाचं गणित बसतं खाली. बेरीज ५४,०००. डिझेलचा एक थेंब न जाळता गाडी तुमच्याकडून दिवसाला १,८०० रुपये मागते. माल खाली करायला तीन दिवस नंबर लागला नाही, हॉल्टिंग (गाडी खोळंबल्याचे पैसे) कुणी दिलं नाही, तर ५,४०० गेले. भाड्यातला अॅडव्हान्स सोडून बाकीचा हिस्सा पोच (माल मिळाल्याची पावती) जमा झाल्यावर मिळतो, म्हणजे डिझेल तुमचं आणि उधारी ट्रान्सपोर्टवाल्याची.

माझ्याकडे येणाऱ्या एका गाडीमालकाने मला त्यांची डायरी दाखवली होती. डाव्या पानावर भाडं, उजव्या पानावर खर्च, आणि उजवं पान नेहमी समासात गेलेलं. हप्ता थकायला लागला त्या महिन्यात डाव्या पानावर टनांचा आकडा वाढलेला दिसतो. ओव्हरलोड असंच सुरू होतं. कायद्याने त्याचा दंड २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे. टायर आणि स्प्रिंगच्या पाट्यांचं नुकसान वेगळं. ज्याच्याकडे चार महिन्यांचे हप्ते बाजूला आहेत तो ‘एवढी भरती नको’ म्हणू शकतो. तुमच्याकडे गाडी घेतल्यावर बाजूला शून्य राहणार आहे.

म्हणून गाडीचा विषय दोन वर्षांनी काढा. तोवर कुठल्या रूटला रिटर्न भाडं मिळतं, कोणता ट्रान्सपोर्टवाला पैसे रखडवतो, कोणत्या गाडीचा गिअरबॉक्स रडतो हे तुम्हाला दुसऱ्याच्या डिझेलवर कळेल. तेव्हाही भरायचे चार लाख आणि त्यावर चार हप्ते हातात असतील तरच मला लिहा.

आणि पत्रातली शेवटची ओळ. ‘बायको नको म्हणते’ एवढंच लिहिलंत. त्या कशाला नको म्हणतात: कर्जाला, सोन्याला, की महिन्यातले वीस दिवस तुम्ही घरी नसण्याला? पहिल्या दोन गोष्टी वरच्या हिशेबात निघून गेल्या. तिसरी असेल तर पुणे-मुंबई किंवा पुणे-नाशिकसारख्या जवळच्या फेऱ्यांचं काम शोधा. तिथे भत्ता कमी सुटतो, २५,००० च्या जागी २२,००० धरून हिशेब पुन्हा मांडावा लागेल. तो दोघांनी बसून मांडा, आणि मेहुण्याकडून मागच्या सहा महिन्यांचे खरे आकडे, वाईट महिन्यासकट, लिहून घ्या.