एन्ट्रॉपीचा आकडा कायम २५६ वरच अडकलाय, हॅवेज्ड बसवू का?

लिनक्सचा कर्नल (सिस्टमचा गाभा) अपग्रेड झाल्यापासून तुमच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर एन्ट्रॉपी-अवेल फाइलमधला, म्हणजे कर्नलकडे किती अनिश्चितता (एन्ट्रॉपी) साठलीय ते सांगणारा, आकडा तीन हजारांवरून २५६ वर आला आणि तिथून हलत नाही, म्हणून तुम्ही धास्तावलात. हॅवेज्ड, म्हणजे एन्ट्रॉपी भरत राहणारा प्रोग्राम, बसवू नका. २५६ हीच आता कमाल मर्यादा आहे.

एन्ट्रॉपीचा जुना पूल (साठा) ४०९६ बिटांचा होता. डेव्ह-रँडम या यादृच्छिक आकडे देणाऱ्या फाइलमधून जेवढं वाचाल तेवढं कर्नल हिशेबातून वजा करायचा आणि आकडा खाली गेला की वाचणारा प्रोग्राम ताटकळायचा. जीपीजी या कूटलेखनाच्या प्रोग्रामची की (गुप्त किल्ली) बनवताना माउस हलवत बसलेले लोक त्याच काळातले. हा हिशेब मला कधीच पटला नाही. इंटरप्टच्या वेळा, डिस्कचे खेळ, प्रोसेसरची आरडीरँड सूचना असं सगळं ढवळून २५६ बिटांचं खरंखुरं अनिश्चित बीज मिळालं, की पुढचं काम चाचा२० हा कूटलेखनाचा अल्गोरिदम करतो, त्या बीजातून हवे तेवढे आकडे काढतो. चमचाभर विरजणाने पातेलंभर दही लागतं, तसंच. आउटपुट कितीही वाचलं तरी त्यावरून आतली की काढता येत नाही. म्हणून कर्नलच्या ५.६ आवृत्तीत (२०२०) बीज मिळाल्यावर ताटकळणं बंद झालं आणि ५.१८ मध्ये (२०२२) पूलच ब्लेक२एस हॅशचा, २५६ बिटांचा झाला. हे बदल जुन्या स्थिर आवृत्त्यांतही गेले, त्यामुळे तुमचा आवृत्ती क्रमांक लहान दिसला तरी गोंधळू नका.

खरा धोका बूटच्या पहिल्या काही क्षणांत असतो. कीबोर्ड नाही, डिस्क नाही, घड्याळही कधी शून्यावर, अशा राउटरने तेवढ्यात आरएसए की (दोन मोठ्या अविभाज्य संख्यांच्या गुणाकारावर बेतलेली) बनवली तर? २०१२ मध्ये संशोधक नादिया हेनिंगर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटभरच्या सार्वजनिक की गोळा केल्या. वेगवेगळ्या यंत्रांच्या कींमध्ये एक अविभाज्य संख्या सामाईक निघाली, की साध्या मसाविने दोन्ही की फुटतात! टीएलएस (सुरक्षित वेब जोडणी) सर्व्हरांपैकी सुमारे अर्ध्या टक्क्याच्या खासगी की त्यांनी अशा काढल्या. बहुतेक यंत्रं राउटर, फायरवॉल अशीच होती.

त्यामुळे तुमच्या जागी मी आकडा सोडून इमेज (ज्या तयार साच्यावरून सर्व्हर उभे राहतात तो) तपासेन. एकाच इमेजवरून दहा सर्व्हर उभे करत असाल तर सिस्टमडीची (बूटची व्यवस्था पाहणाऱ्या प्रोग्रामची) रँडम-सीड फाइल, म्हणजे जपून ठेवलेलं बीज, आणि एसएसएचच्या (दूरून लॉगिनच्या) होस्ट की इमेज गोठवण्याआधी काढून टाका. होस्टवर (ज्या यंत्रावर व्हर्च्युअल सर्व्हर चालतो त्यावर) व्हर्टआयओ-आरएनजी, म्हणजे होस्टकडून यादृच्छिकता आणणारं आभासी उपकरण, मिळत असेल तर चालू करा, फुकटचं आहे. चालू मशीनचा स्नॅपशॉट दोनदा उठवला तर दोघांची आतली अवस्था सारखीच असते, ५.१८ पासून हायपरव्हायझरने (व्हर्च्युअल यंत्रं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) व्हीएम-जेनआयडी, म्हणजे प्रत उठवल्यावर बदलणारा ओळख क्रमांक, दिला तर कर्नल लगेच नवं बीज घेतो, नाहीतर थोडा वेळ धोका राहतो.

स्वतःच्या कोडमध्ये यादृच्छिक आकडे मागायला गेटरँडम हा सिस्टम कॉल वापरा. बीज तयार होईपर्यंत तो थांबतो, डेव्ह-यूरँडम मात्र ती खात्री देत नाही. बीज केव्हा तयार झालं ते डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) 'सीआरएनजी इनिट डन' या ओळीत दिसेल.