ॲप राहू द्या, पोरांच्या चिठ्ठ्या घेऊन बसा

प्रश्न असा आहे: नागपुरातली खासगी अनुदानित शाळा, पाचवी ते दहावी, 14 शिक्षक. एकमेकांकडून शिकावं म्हणून व्हॉट्सॲप ग्रुप काढला, पण त्यावर सुप्रभात आणि शासन निर्णयांच्या पीडीएफशिवाय काही येत नाही. यासाठी चांगलं ॲप कोणतं, आणि मुख्याध्यापकांना कसं पटवायचं?

मॅडम, ॲपचं आधीच सांगतो: कोणतंही नको. जे शिक्षक समोरासमोर बसून आपल्या वर्गातली चूक दाखवत नाहीत, ते 14 जणांच्या ग्रुपवर ती कशाला टाकतील? आणि त्या ग्रुपात बहुधा मुख्याध्यापकही असतील. अशा ठिकाणी सुप्रभात पाठवणाराच शहाणा.

गट जमतो तो मधोमध टेबलावर पोरांच्या हातचं काहीतरी पडलेलं असलं तर. भाषण, प्रेझेंटेशन, 'माझा उपक्रम' यातलं काही चालत नाही. पोराची वही, उत्तराची चिठ्ठी, निबंधाचं पान, एवढंच.

पाचवीचं गणित घ्या. तुमच्याकडे पाचवीला पोरं चार ठिकाणांहून येतात: महापालिकेची शाळा, जिल्हा परिषदेची, दुसऱ्या संस्थेची प्राथमिक, एखादं हिंदी माध्यमातून. प्रत्येकाला चौथीपर्यंत वेगळ्या शब्दांत वजाबाकी शिकवलेली असते. जुलैमध्ये पाव पानाच्या चिठ्ठीवर चारच गणितं द्या: 86−32, 52−27, 70−26, 402−178. पहिलं बिनहातच्याचं, दुसऱ्यात हातचा, तिसऱ्यात एककाला शून्य, चौथ्यात मधे शून्य. तिसऱ्या जागी 60−34 देऊ नका. त्यात उलटी वजाबाकी करणाऱ्याचं उत्तर 34 येतं, आणि पोरानं खालची संख्या उतरवली की चूक केली ते कळत नाही. 70−26 मध्ये तीच चूक 56 म्हणून उघडी पडते. गणितं निवडताना अशी तपासणी गटानंच करायची, अर्धं शिकणं तिथेच होतं.

आता 402−178. बरोबर उत्तर 224. चुकीच्या चिठ्ठ्या तपासू नका, उत्तरांप्रमाणे ढीग लावा. 376 वाल्यांनी प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं. 324 वाल्यांनी शून्याचे नऊ केले, पण चारचे तीन करायचे विसरले. 234 वाल्यांनी शतक मोडून दहा दशक केले, त्यातला एक एककाला दिला, पण दशकाच्या घरात दहाच ठेवले. 134 वाल्यांनी एककासाठीही शतकातून घेतलं आणि दशकासाठीही शतकातून. 580 आलं असेल तर पोरानं चिन्हच पाहिलं नाही, त्याला वजाबाकी शिकवत बसू नका.

आणि 114. हा ढीग छोटा असतो, पण सगळ्यात बोलका. 402 चे वर 3, 9, 12 केलेले असतात, शिवाय खालच्या 178 च्या शतकात आणि दशकात एकेक मिळवून 2, 8, 8 केलेले. म्हणजे दोन रीती एकात एक मिसळल्या. शाळेत 'गठ्ठा सोडला, वरचा एक कमी झाला' अशी रीत शिकवली आणि घरी आजोबांनी 'हातचा घेतला की खाली एक मिळव' ही जुनी रीत शिकवली. दोन्ही रीती आपापल्या जागी पूर्ण बरोबर आहेत. एकत्र केल्या की 110 चा फरक पडतो. त्या पोराला आपण 'निष्काळजी' म्हणून लाल शाईनं गोल करतो. खरं तर त्यानं सगळ्यांचं ऐकलेलं असतं.

पाच-सहा शिक्षक हे ढीग लावायला बसले की दहाव्या मिनिटाला एक प्रश्न आपोआप निघतो: तुम्ही वर्गात काय म्हणता? एक म्हणतो 'उसना घेतला', दुसरा 'हातचा', तिसरा 'दशक सोडवला', चौथा 'शेजाऱ्याकडून मागितला'. उसना म्हटल्यावर तो परत कधी द्यायचा, हे पोरानं विचारलं तर त्याचं काय चुकलं? शाळेत एकच शब्द ठरवायचा. 'सुटे केले' हा शब्द मला सगळ्यात बरा वाटतो, कारण पोराला दुकानातून तो माहीत असतो. एवढा एक ठराव झाला तरी बैठक वसूल.

पुढच्या आठवड्यात काय करून पाहायचं तेही तिथेच ठरतं. खोट्या नोटा: एका जोडीला शंभराच्या 4, दहाच्या 10 आणि एकच्या 12, अशा 26 चिठ्ठ्या. 30 पोरांच्या 15 जोड्यांना 390. पोराजवळ 402, बाकीच्या सुट्या 'बँकेत'. दुकानदाराला 178 द्यायचे. शंभर मोडल्याशिवाय दहा येत नाहीत आणि दहा मोडल्याशिवाय एक येत नाहीत, हे हाताला कळतं. हातात 3, 9, 12 उरले की तिथेच थांबवून वहीत तेच लिहायला लावायचं, मग पैसे द्यायचे. इथे नेहमीची चूक म्हणजे नोटांचा खेळ सोमवारी आणि वहीतलं गणित बुधवारी. मधे दुवाच राहत नाही. एका हातात नोट आणि दुसऱ्यात पेन्सिल असली पाहिजे.

बैठकीचा वेळ दीड तास, त्याहून जास्त नाही. पहिली दहा मिनिटं चहा आणि गाऱ्हाणी: यू-डायस (शाळेची सरकारी माहिती ऑनलाइन भरणं), निवडणुकीचं काम, पेन्शन, जे असेल ते. ही दहा मिनिटं दिली नाहीत तर ती पुढचे ऐंशी खातात. मग ज्याचा वर्ग आहे त्यानं पाच मिनिटांत फक्त माहिती द्यायची: काय दिलं, किती वेळ दिला, किती पोरं होती. पंधरा मिनिटं न बोलता ढीग. पुढची वीस मिनिटं 'पोरगं काय करतंय' एवढंच बोलायचं, आणि ज्याचा वर्ग आहे तो गप्प. मग वीस मिनिटं 'असं का करत असेल'. उरलेल्या वीसात एकच गोष्ट ठरवायची, जी सगळे पंधरा दिवसांत करतील आणि नव्या चिठ्ठ्या घेऊन येतील. 'मी असतो तर' हे वाक्य पहिल्या तासात वर्ज्य. 'आमची पोरंच तशी' आणि 'घरचं वातावरण' ही दोन्ही वाक्यं कायमची वर्ज्य. खरी असतील, पण त्यावर बुधवारी दुपारी तुम्ही करणार काय?

चिठ्ठ्यांवरची नावं झाकून झेरॉक्स काढा. पहिल्या दोन फेऱ्यांत सगळ्यात ज्येष्ठ शिक्षकाच्या किंवा तुमच्या स्वतःच्या वर्गाच्या चिठ्ठ्या टेबलावर ठेवा. शिक्षणसेवकाच्या वर्गापासून सुरुवात केली तर गट त्याच दिवशी संपला समजा. तो कायम व्हायचा असतो, चार ज्येष्ठांसमोर तो तोंड उघडत नाही, आणि उघडावं अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे.

चार-पाच बैठका नीट झाल्या की एकमेकांच्या तासाला बसा. जपानी शाळांत ही पद्धत शंभरेक वर्षांपासून आहे, तिथे तिला जुग्यो केन्क्यू म्हणतात: पाठ सगळ्यांनी मिळून आखायचा, एकानं घ्यायचा, बाकीच्यांनी पाहायचं, दुरुस्त करून दुसऱ्या तुकडीवर पुन्हा घ्यायचा. आपल्याकडे पाहणारे मागच्या बाकावर बसतात आणि शिक्षकाचं निरीक्षण लिहितात. मागे बसून पोरांचं डोकं दिसतं, वही दिसत नाही. प्रत्येक पाहणाऱ्याला तीन पोरं वाटून द्या, तो त्यांच्या बाजूला बसेल, मदत करणार नाही, पोरगं कुठे अडकलं आणि काय पुटपुटलं तेवढंच लिहील. शिक्षकाबद्दल एक ओळही नाही. तास झाल्यावर आधी बोलणार तो तास घेणारा. हा क्रम उलटला की ती तपासणी होते.

वेळापत्रकाचं. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, म्हणजे पहिली बैठक जुलैच्या मध्यात. शनिवारी शाळा सकाळची, सुटल्यावर लगेच बसा. घरी जाऊन परत कोणी येत नाही. पोळा, मारबत, तान्हा पोळा, मग गणपती. तो पंधरवडा सोडा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन, अर्धा स्टाफ मोर्च्यात, तोही सोडा. जानेवारी स्नेहसंमेलनात जातो. मार्चपासून सकाळची शाळा आणि ऊन. म्हणजे वर्षाला आठ, फार तर नऊ बैठका. त्याहून जास्तीचं वेळापत्रक छापू नका.

जिल्हा परिषदेचं कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी: केंद्राच्या, म्हणजे दहा-बारा शाळांच्या सरकारी गटाच्या, यादीप्रमाणे गट करू नका, रस्त्याप्रमाणे करा. काटोल रोड, उमरेड रोड, भंडारा रोड. नागपूरहून अप-डाउन करणारे शिक्षक एकाच गाडीत तास-तास बसतात, त्यांचा अर्धा गट आधीच झालेला असतो.

आता जुना वाद. एक पक्ष म्हणतो, आदेश काढल्याशिवाय शिक्षक येत नाहीत. दुसरा म्हणतो, तज्ज्ञ मार्गदर्शक बोलावल्याशिवाय काही शिकणं होत नाही. दोघांनाही राज्यानं भरपूर संधी दिली आहे. 1994 मध्ये केंद्रप्रमुखाचं पद आलं, दहा-बारा शाळांनी महिन्याला एकत्र बसावं म्हणून शिक्षण परिषद आली. कल्पना उत्तम होती. झालं काय, तर हजेरीपत्रक, अल्पोपहार, परिपत्रकांचं वाचन, एक 'आदर्श पाठ' आणि ग्रुप फोटो. फोटो अहवालात लागतो, म्हणून बैठक फोटोसाठी होते. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटातल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळांचं नाव झालं तेव्हा राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. परत येऊन बहुतेकांनी तिथल्यासारखी वर्गाची फरशी अक्षरं-अंकांनी रंगवली. तिथल्या शिक्षकांनी एकत्र बसून जो विचार केला होता तो फरशीवर दिसत नव्हता, म्हणून तो कोणी आणला नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वर्षाला 50 तासांचा व्यावसायिक विकास लिहिला आहे. ते तास कसे भरतात हे स्टाफरूमात सगळ्यांना ठाऊक आहे: व्हिडिओ चालू, आवाज बंद, शेजारी पेपर तपासणं.

आदेशानं माणूस खुर्चीवर येतो, चिठ्ठ्या मात्र आणत नाही. आणि तज्ज्ञ आला की सगळे लगेच विद्यार्थी होतात, ढीग कोणीच लावत नाही. तज्ज्ञ बोलवायचाच तर सहाव्या बैठकीनंतर, आणि त्याला तुमचे ढीग दाखवून नेमका प्रश्न विचारा. 114 वर ज्याला पाच मिनिटं बोलता येत नाही त्याला चहा पाजून परत पाठवा.

मुख्याध्यापकांचं राहिलंच. त्यांना कल्पना पटवू नका, वेळापत्रकातली एक गोष्ट मागा: गणिताच्या गटातल्या निदान तिघांचा आठवड्यातला एक ऑफ तास एकाच वेळी यावा, आणि त्या तासाला त्यांना बदली तासावर पाठवू नये. निधी नको, पत्र नको, उद्घाटन नको. जूनमध्ये वेळापत्रक बसवतानाच मागा, ऑगस्टात कोणी हलवत नाही. त्यांना बैठकीत बसायचं असेल तर स्वतःच्या वर्गाच्या चिठ्ठ्या घेऊन यावं, ही अट गोडीत सांगा. बहुतेक येत नाहीत. जे येतात ते ठेवण्यासारखे असतात.

14 जणांचा एक गट मात्र करू नका. पाच ते सात जण, एकच विषय. भाषावाल्यांचा वेगळा. त्यांच्याकडे ढीग इतके स्वच्छ पडत नाहीत, निबंधाला 376 आणि 324 असं काही नसतं. तिथे दहा ओळींचा एकच परिच्छेद घेऊन 'पोरगं वाक्य कुठे सोडतं' एवढंच पाहावं लागतं, आणि वेळ जास्त लागतो. दहावीच्या शिक्षकांना पहिल्या वर्षी ओढू नका, त्यांचा जीव बोर्डाच्या पेपरात असतो. स्टाफमधले दोघं एकाच विषयाच्या शिकवण्या घेत असतील तर ते एकमेकांसमोर काही उघडणार नाहीत, त्यांना एका गटात टाकू नका. आणि दोनशिक्षकी शाळेत यातलं निम्मं लागू नाही, तिथे शेजारच्या गावाची शाळा धरावी लागते.

व्हॉट्सॲप ग्रुप बंद करायची गरज नाही. बैठकीनंतर ढिगांचा एक फोटो, खाली ठरलेली एक गोष्ट आणि पुढची तारीख टाका. माणसांचा फोटो नको.