घसरगाडी चालली पाहिजे

प्रिय मुली,

रशियन लोककथांच्या पुस्तकासाठी काढलेली तुझी तिन्ही चित्रं मिळाली. काल रात्री टेबलावर पसरून बराच वेळ बघत बसलो. काळी बाह्यरेषा ठाम आहे, रंग सपाट आणि स्वच्छ, चौकटीची नक्षी नेटकी. रशियन परीकथांची चित्रं काढणाऱ्या बिलिबिनचं काम तू मन लावून पाहिलं आहेस, यात शंका नाही. पण बाबा यागाच्या, म्हणजे त्या कथांतल्या चेटकिणीच्या, झोपडीचं लाकूड मला लाकूड वाटेना.

बिलिबिनची रेषा तू उचललीस, आता त्याची पायपीटही बघ. १८९९ साली पीटर्सबर्गला चित्रकार वास्नेत्सोवचं ‘बोगातिरी’ बघून तो भारावला. घोड्यांवरचे तीन योद्धे, जवळजवळ साडेचार मीटर रुंद कॅनव्हास. त्यानंतर बिलिबिननं चितारलेल्या परीकथा छापून येऊ लागल्या, नाव झालं. तरीही १९०२ ते १९०४ या काळात तो उत्तरेला वोलोग्दा, अर्खांगेल्स्क, ओलोनेत्सच्या खेड्यांत हिंडला. बायकांचं भरतकाम, लाकडी देवळं, घरांवरचं कोरीवकाम बघत आणि टिपत.

पण मला तुला खरं सांगायचंय ते चित्रकार सुरिकोवबद्दल. सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कच्या कोसॅक घराण्यातला हा माणूस. त्याचं ‘बोयारिन्या (सरदारीण) मोरोझोवा’ हे चित्र १८८७ चं. सतराव्या शतकात रशियन चर्चनं पूजाविधी बदलले, क्रूसाची खूण दोन बोटांऐवजी तीन बोटांनी करायचा हुकूम निघाला. मोरोझोवा मोठ्या घरची बाई, पण तिनं मानलं नाही. साखळदंड घालून तिला बर्फावरून ओढायच्या घसरगाडीतून मॉस्कोच्या रस्त्यानं नेताहेत आणि ती दोन बोटं उंच धरून बसली आहे. एवढाच प्रसंग.

हे चित्र सुरिकोवला सुचलं ते पोथीपुराणातून नव्हे. बर्फावर एक कावळा बसलेला त्याला दिसला, एक पंख बाजूला पडलेला, पांढऱ्यावर काळा डाग. तो डाग वर्षानुवर्षं त्याच्या डोक्यात राहिला आणि त्याचीच पुढं काळ्या कपड्यांतली मोरोझोवा झाली. मग तो रस्त्यानं जाणाऱ्या घसरगाड्यांच्या मागं मागं जायचा. बर्फात चाकोरी कशी उमटते, वळणावर गाडी घसरते तेव्हा ती कशी पसरते, हे बघायला. चित्रातली गाडी पुढं सरकेना, म्हणून त्यानं कॅनव्हासला खाली पुन्हा पुन्हा तुकडे जोडले. लेखक टॉल्स्टॉय आणि त्यांची पत्नी चित्र बघायला आले, तेव्हा म्हणाले, खालचा भाग नको, कापून टाका. सुरिकोवनं साफ नकार दिला. काही कमी केलं तर गाडी चालणार नाही, म्हणाला. चित्राची छापील प्रत मिळाली की खालची चार बोटं रुंदीची पट्टी हातानं झाकून बघ. गाडी जागच्या जागी थांबते.

उजवीकडं बर्फात बसलेला अनवाणी वेडा साधू आहे, तिला दोन बोटांनीच उत्तर देणारा. त्यासाठीचा माणूस सुरिकोवला बाजारात काकड्या विकताना सापडला. त्यानं त्या माणसाला खरोखरच बर्फात बसवलं, पायांना व्होडका चोळली, तीन रूबल दिले. पाय निळे पडले होते त्याचे. तू कुणाला असं बसवू नकोस, हे मी मुद्दाम सांगतो. पण ती निळी बोटं बघितल्याशिवाय सुरिकोव पुढं गेला नाही, हेही विसरू नकोस.

आणि मोरोझोवाचा चेहरा? गर्दी आधी रंगवून झाली होती. कुठलाही चेहरा बसवला तरी तो गर्दीत हरवायचा. शेवटी उरालकडून आलेली, जुना पंथ मानणारी एक बाई भेटली. तिचं अभ्यासचित्र त्यानं दोन तासांत रंगवलं, तो चेहरा मोठ्या चित्रात बसवला आणि गर्दी मागं सरली. तुझ्या तिसऱ्या चित्रातली राजकन्या अशीच हरवली आहे. तिचं कोरीव मुकुटाचं काम पुसून टाक, चेहरा शोध.

आता बाबा यागाच्या झोपडीचं सांगतो. मॉस्कोजवळ अब्राम्त्सेवोत वास्नेत्सोवच्या आराखड्यावरून १८८३ साली बांधलेली लाकडी ‘कोंबडीच्या पायांवरची झोपडी’ आजही उभी आहे. तिचे फोटो मिळव. कोपऱ्यावर ओंडके खाच पाडून एकमेकांत कसे बसतात, टोकं बाहेर किती येतात, ते पाहा. रशियन खेड्यांतल्या घरांत ओंडक्यांच्या फटीत शेवाळ ठासलेलं असतं, तेही शोध. मग फक्त एक कोपरा पेन्सिलीनं काढून पाठव. कोंबडीचे पाय नंतर काढू.

सस्नेह,
तुझा सर