वाचकांचे प्रश्न : ‘सावजी’ हे नाव नेमकं कुणाचं?

प्रश्न : नागपूरच्या महालात आमचं सावजी भोजनालय वडिलांच्या वेळेपासून आहे. आता पुण्या-मुंबईतही ‘सावजी’च्या पाट्या लागल्यात आणि आत नुसता तिखटजाळ रस्सा. बंगालच्या रसगुल्ल्याला मिळालं तसं भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठराविक भागातल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क) सावजीला मिळेल का? मी एकट्याने अर्ज करू का? – एक भोजनालयचालक, महाल

उत्तर : एकट्याने नाही. भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे (अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून) अर्ज उत्पादकांच्या संघटनेने किंवा त्यांचं हित पाहणाऱ्या संस्थेने करायचा असतो. एका दुकानाचं नाव राखायला ट्रेडमार्क आहे. पण नुसता ‘सावजी’ शब्द स्वतःच्या नावावर मागाल तर ज्यांची ही पाककला, त्या हलबा कोष्टी समाजातली बाकीची घरं तुमच्या दारात उभी राहतील, आणि ते बरोबरच होईल.

हा कायदा वस्तूंसाठी आहे, सेवेसाठी नाही. म्हणजे भोजनालयाची पाटी त्यात बसत नाही. पदार्थ बसतो, मसाला बसतो. आमचं मत विचाराल तर मसाल्याचा अर्ज करा. रस्सा हातागणिक बदलतो; मसाला वजन करून, पुडी फोडून तपासता येतो.

हैदराबादी हलीमला २०१० मध्ये मानांकन मिळालं तेव्हा निकष कसे होते बघा : मटण आणि गहू १० ला ४, तूप शुद्ध, भांडं तांब्याचं, लाकडाच्या जाळावर बारा तास. असं मोजता येणारं लिहावं लागतं. त्याच शहराच्या बिर्याणीचा अर्ज मात्र उगमाचे ऐतिहासिक पुरावे देता न आल्याने अडला. ‘पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चव’ हा चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात पुरावा होत नाही. जुने परवाने, बिलबुकं, छापील जाहिराती, गॅझेटियरमधला उल्लेख, जे असेल ते आतापासून गोळा करा.

खरी अडचण पुढे आहे. प्रत्येक घराचा मसाला गुपित, आणि मान्य झालेला अर्ज जीआय जर्नलमध्ये सगळ्यांना वाचता येईल असा छापून येतो. त्यावर उपाय असा, की प्रमाण एका आकड्यात न देता किमान-कमाल अशा पट्ट्यात द्यायचं. खसखस, खोबरं, दगडफूल, धने यांपैकी कोणते घटक हवेतच, कोणते चालतील, कोणते अजिबात नकोत (कृत्रिम रंग, पिठाची भर) एवढं ठरलं की पट्ट्याच्या आत ज्याचा त्याचा हात मोकळा. तेल जवसाचंच की कोणतंही, यावर बैठकीत सगळ्यात जास्त आवाज चढेल. तो वाद अर्जाआधीच मिटवा. आणि पुडीचा मसाला करणार असाल तर खोबरं-खसखस वेगळी ठेवायची का, तेही ठरवा. त्यांतल्या तेलाला पुडीत खवट वास सुटतो आणि सगळा मसाला बदनाम होतो.

अर्जासोबत नकाशा, कृती, तपासणी कोण करणार याची व्यवस्था, आणि हे वैशिष्ट्य या भागामुळेच कसं आलं याचा खुलासा लागतो. जर्नलमध्ये छापल्यावर हरकतीसाठी तीन महिने, मुदतवाढ मिळाली तर आणखी एक. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण.

रसगुल्ल्याचं म्हणाल तर २०१७ मध्ये ‘बांगलार रसोगोल्ला’ आणि २०१९ मध्ये ‘ओडिशा रसगोला’ अशी दोघांनाही नोंद मिळाली, कारण दोन्ही पदार्थांचं वर्णन वेगळं होतं. म्हणून नाव ‘नागपूर सावजी मसाला’ असं मागा. नुसतं ‘सावजी’ मागितलं तर हे आता सर्रास वापरातलं नाव आहे अशी हरकत येईल. मानांकन मिळालं तरी पुण्यातली प्रत्येक पाटी उतरेल असं समजू नका : अर्जाच्या आधीपासून प्रामाणिकपणे वापरात असलेल्या ट्रेडमार्कना कलम २६ चं संरक्षण आहे. (तर्री पोह्यांसाठीही एकाने विचारलंय. पोहे कुठलेही, चणे कुठलेही. मातीशी नातं दाखवणार कसं? आम्ही त्या भानगडीत पडणार नाही.)

प्रश्न : नागपूर संत्र्याला मानांकन आहे म्हणतात, तरी बाहेरच्या बाजारात किन्नू हे दुसऱ्याच जातीचं फळ ‘नागपुरी’ म्हणून खपतं. मला त्याचा उपयोग काय? – संत्रा उत्पादक, काटोल

उत्तर : नोंदणी २०१४ ची आहे, पण तिचा हक्क आपोआप बांधावर येत नाही. तुम्हाला ‘अधिकृत वापरकर्ता’ व्हावं लागतं. अर्ज जीआय-३ चा. २०२० च्या दुरुस्तीने त्याची फी ५०० वरून १० रुपयांवर आली. सातबारा आणि ओळखपत्र जवळ ठेवा, आणि आपलं गाव नोंदणीतल्या नकाशात आहे ना ते आधी बघा. हद्दीपलीकडे मध्य प्रदेशात सौसर-पांढुर्ण्याला हीच जात आहे, पण कायदा जात बघत नाही, नकाशा बघतो. बासमतीच्या नकाशात नसल्यामुळे मध्य प्रदेश वर्षानुवर्षं भांडतोय ते उगाच नाही.

अधिकृत वापरकर्त्याला नावाचा गैरवापर करणाऱ्यावर जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. फौजदारीत शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं, दंड ५० हजार ते दोन लाख. मात्र धाड घालण्याआधी पोलिसांना रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं, त्यामुळे झटपट काही होत नाही. पुरावा म्हणून ‘नागपूर’ लिहिलेलं बिल, खोक्याचा फोटो आणि फळ, तिन्ही एकाच दिवशीचं ठेवा. किन्नू ओळखायला सोपा : १९३५ मध्ये कॅलिफोर्नियातून बाहेर आलेला हा संकर, साल फोडींना चिकटलेली, बिया भरपूर. आपल्या संत्र्याची साल सैल, हाताने सहज सुटते.

पण माल खुल्या क्रेटमध्ये, नाव-गाव न लिहिता मंडीत ओतत असाल तर राखायचं काय? खोक्यावर मानांकनाचं चिन्ह, वापरकर्ता क्रमांक आणि बहार (फळाचा हंगाम) लिहा. आंबिया की मृग हे लिहिलं नाही तर आंबियाचं ऑक्टोबरमधलं हिरवट फळ आणि मृगाचं फेब्रुवारी-मार्चमधलं फळ एकाच नावाने जातं, आणि पहिल्याच्या आंबटपणाचं खापर दुसऱ्यावर फुटतं.

प्रश्न : ‘शॅम्पेनसारखी’ असं लिहायलाही बंदी, मग ‘नागपुरीसारखा’ चालतो कसा? – धरमपेठ

उत्तर : वाइन आणि मद्यांना जागतिक व्यापार करारातच जादा संरक्षण आहे, तिथे ‘पद्धतीची’, ‘सारखी’ ही शेपटं जोडूनही सुटका नाही. फळा-धान्याला तसं हवं असेल तर केंद्र सरकारने कलम २२ खाली अधिसूचना काढावी लागते. संत्रा संघटनांनी मागणी करायचीच तर ही करावी.

प्रश्न : संत्रा बर्फीवर मानांकनाचं चिन्ह लावू का? – मिठाईवाले, इतवारी

उत्तर : नाही. नोंद फळाची आहे, बर्फी ही वेगळी वस्तू. ‘नागपूर संत्र्याच्या गरापासून’ असं घटकांत लिहा, तेही गर खरोखर असेल तरच. अर्क आणि रंग घालून तसं लिहिलं तर अन्नसुरक्षा कायद्याखाली दिशाभूल करणारं लेबल होतं. बरेच जण अर्काकडे वळतात ते गर कडवट होतो म्हणून. बिया आणि फोडींची पांढरी साल राहिली की शिजवल्यावर काही वेळाने कडूपणा उतरतो, तेव्हा दोन्ही काढूनच गर घ्या. आधी तो साखरेत आटवा आणि खवा आचेवरून उतरवल्यावर मिसळा. कच्चा गर उकळत्या दुधात गेला तर दूध फाटतं.