पंपदुरुस्तीच्या दुकानातले भंगार: धातू कसे ओळखावेत आणि वेगळे कसे ठेवावेत?

वडिलांचे पंपदुरुस्तीचे दुकान बंद करताना दोन खोल्या भरून जुन्या मोटारी, पंपांचे सुटे भाग, नळ आणि केबल निघाल्या, गावातला भंगारवाला सगळे सरसकट लोखंडाच्या भावाने मागतो आहे, तर कोणता धातू कोणता हे घरच्या घरी ओळखून माल वेगळा करता येईल का, असे आपण विचारले आहे. येतो, आणि अवश्य करावा. कोल्हापूरजवळ आमचे भंगाराचे गोदाम आहे, 22 वर्षे मी हेच काम करतो आहे आणि आमचा बराचसा माल शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फौंड्रींमध्ये, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांत जातो, त्यामुळे पंपाचे भंगार रोज हाताखालून जाते.

साधने फार लागत नाहीत. जुन्या स्पीकरमधून काढलेले लोहचुंबक, एक बारीक कानस, छोटा वजनकाटा आणि मिळाल्यास ग्राइंडर एवढे पुरते.

पहिली विभागणी चुंबकाने करावी. लोखंड, पोलाद आणि बीड म्हणजे ओतीव लोखंड चिकटते. तांबे, पितळ, गनमेटल (तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू), ॲल्युमिनियम, जस्त आणि शिसे चिकटत नाही. स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत मात्र चुंबकावर विसंबू नये. त्याच्या प्रती आकड्यांनी ओळखतात: निकेल असलेले 304 सहसा चिकटत नाही, पण वाकवलेल्या किंवा दाबून घडवलेल्या जागी तेही थोडे ओढ घेते; निकेल जवळजवळ नसलेले 430 सरळ चिकटते; आणि निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले 202 न चिकटताही 304 पेक्षा स्वस्त असते. त्यांचा निवाडा मोठ्या गोदामांत क्ष-किरणांच्या यंत्राने होतो. आपण सगळे स्टेनलेस एका पोत्यात, बाकीच्या लोखंडापासून दूर ठेवले तरी पुरेसे आहे.

चिकटलेल्या ढिगात बीड आणि पोलाद वेगळे करावे. पंपाची बॉडी आणि जुन्या मोटारींची कव्हरे बहुधा बिडाची असतात, म्हणजे आपल्या घरातल्या बिडाच्या तव्याच्याच जातीची. बीड घणाच्या घावाने वाकत नाही, फुटते, आणि फुटलेली बाजू करडी व रवाळ दिसते. ग्राइंडरवर धरल्यास बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर पडतात, तर शाफ्टच्या पोलादाच्या लांब, पिवळ्या आणि पुढे फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि शिसे ग्राइंडरला कधीही लावू नये.

न चिकटणाऱ्या ढिगात वरच्या रंगाला काही किंमत देऊ नये. कानशीने दोन-तीन घाव देऊन आतला ताजा रंग पाहावा, तोही दिवसाच्या उजेडात आणि ओळखीच्या तुकड्याशेजारी ठेवून. तांबे लाल, पितळ पिवळे आणि गनमेटल या दोहोंच्या मधले, तांबूस पिवळे दिसते. पंपातील बुश आणि काही इम्पेलर (पाणी फेकणारी चाके) गनमेटलचे असतात, कारण त्यातील कथलामुळे ते घासण्याला आणि पाण्याला टिकते. तो माल पितळेत टाकला तर आपले नुकसान आहे.

चकचकीत मुलाम्याचे नळ फसवतात, कारण आत पितळ असते किंवा मझाक म्हणजे जस्ताचा मिश्रधातू असतो. त्यासाठी एक खात्रीची युक्ती आहे. नळातील प्लास्टिक आणि रबर काढून तो कोरडा तोलावा, मग दोऱ्याने काट्याला टांगून, भांड्याला न टेकवता, पूर्ण पाण्यात बुडवून पुन्हा तोलावा. कोरड्या वजनाला पाण्यात घटलेल्या वजनाने भागावे. 850 ग्रॅमचा नळ पाण्यात 750 भरला तर उत्तर साडेआठ येते, म्हणजे पितळ; पावणेसातच्या आसपास आले तर मझाक. ॲल्युमिनियमला 2.7 आणि शिशाला 11.3 येते. नळाच्या पोकळीत हवेचा बुडबुडा राहिला तर उत्तर चुकते, म्हणून तो पाण्यात हलवून घ्यावा.

वाइंडिंगची, म्हणजे मोटारीत गुंडाळलेली तार तांब्याचीच असेल असे धरू नये. स्वस्त मोटारींत ॲल्युमिनियमची तार असते आणि वरच्या इनॅमलमुळे ती हुबेहूब तांब्यासारखी दिसते. ब्लेडने खरवडली की पांढरी निघते. काही तारा तांब्याचा पातळ थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात. त्या खरवडूनही लाल दिसतात, म्हणून तार आडवी कापून टोकाचा मधला भाग पाहावा.

रोटरबद्दल, म्हणजे मोटारीच्या आतल्या फिरत्या भागाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे मीच चुकलो होतो. रोटर चुंबकाला घट्ट चिकटतो आणि जड असतो, म्हणून सुरुवातीच्या काळात मी पंधरा-वीस रोटर बिडाच्या गाडीत टाकले. आठ दिवसांनी फौंड्रीतून निरोप आला आणि तिथे जाऊन मी त्या मालातून ओतलेला भाग, म्हणजे कास्टिंग हातात घेतले: मशीनवर एक कट घेतल्याबरोबर पृष्ठभागाखाली टाचणीच्या टोकाएवढी छिद्रेच छिद्रे उघडी पडली होती. रोटरच्या पत्र्यांच्या खाचांत ॲल्युमिनियम ओतलेले असते. ते थोडेसे जरी बिडाच्या रसात गेले तरी रस ओलाव्यातला हायड्रोजन ओढून घेतो आणि थिजताना अशी छिद्रे सोडतो. त्या सगळ्या कास्टिंगचे पुन्हा भंगार झाले. तांब्याचेही तसेच आहे: पोलादात तांबे गेले तर ते भट्टीत जळून किंवा मळीबरोबर निघून जात नाही, आणि असे पोलाद तापवून लाटताना त्याला पृष्ठभागावर भेगा पडतात. म्हणून वाइंडिंग न काढलेला स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा भाग, लोखंडात देऊ नये आणि रोटरचा ढीग वेगळाच ठेवावा. काही सबमर्सिबल मोटारींच्या रोटरमध्ये तांब्याच्या सळ्या असतात, त्यामुळे प्रत्येकाच्या टोकाचे कडे कानशीने घासून पाहावे.

केबल जाळून तांबे काढू नये, ही कळकळीची विनंती. पीव्हीसीचा धूर विषारी असतो आणि जळके तांबे काळवंडून खालच्या प्रतीत जाते. जाड केबल ब्लेडने उभी चिरून सोलावी, बारीक केबल तशीच विकावी. पत्र्याच्या डब्यातले जुने तेलाचे कॅपॅसिटर फोडू नयेत, आणि बॅटऱ्या अधिकृत संकलन केंद्रातच द्याव्यात.

स्टार्टर मात्र फेकण्यापूर्वी उघडावेत. कॉन्टॅक्टवरच्या लहान टिकल्या बऱ्याचदा चांदीच्या मिश्रधातूच्या असतात. त्या पितळी पट्टीसकट कापून डबीत ठेवाव्यात, पण घासू किंवा वितळवू नयेत, कारण जुन्या टिकल्यांत कॅडमियम असू शकते. एवढे झाल्यावर प्रत्येक पोते घरीच तोलून त्यावर धातू आणि वजन लिहावे, आणि निदान तीन ठिकाणी पोत्यागणिक वेगळा भाव विचारून मगच गाडी बोलवावी.