चार प्रोसेस, चार वह्या: सेशन नेमकं कुठे हरवतं?

गेले काही महिने एकच गोंधळ वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे येतोय: एचएप्रॉक्सी (येणाऱ्या विनंत्या मागच्या सर्व्हरांमध्ये वाटणारं सॉफ्टवेअर) एकाहून जास्त प्रोसेसवर चालवलं आणि माहिती जुळेनाशी झाली. म्हणून या वेळी सगळी उत्तरं एकत्र देतो.

प्रश्न: स्टॅट्सचं पान रिफ्रेश केलं की आकडे वर-खाली होतात. पान बिघडलंय का?

नाही. दर वेळी वेगळी प्रोसेस उत्तर देते आणि फक्त स्वतःचे आकडे दाखवते. पानावर पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) छापलेला असतो, तो बघा.

प्रश्न: एचएप्रॉक्सी १.८, एनबीप्रॉक ४ (म्हणजे चार प्रोसेस), ग्राहकाच्या आयपीवर स्टिक-टेबल (कोणता ग्राहक कोणत्या सर्व्हरकडे, याची नोंद). तरी ग्राहक मध्येच लॉगआउट होतात, कार्ट रिकामं होतं. आम्ही तपासलं की सगळं नीट चालतं. सध्या रोज रात्री रीस्टार्ट करतो.

तो रीस्टार्ट आजपासून बंद करा. त्याने टेबल पुसलं जातं आणि काय बिघडलं होतं ते बघायलाच मिळत नाही. इतक्या ठिकाणी हे पाहिलंय की आता राग येतो.

स्टिक-टेबल प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीत असतं. बँकेत चार खिडक्या आणि प्रत्येक खिडकीची वही वेगळी, असं समजा. नवं कनेक्शन कोणत्या खिडकीवर जाणार हे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ठरवतो. पहिलीने लिहून ठेवलं, 'हा आयपी वेब-१ या सर्व्हरकडे'. पुढचं कनेक्शन तिसरीकडे गेलं; तिच्या वहीत ही नोंदच नाही, तिने आपल्या क्रमाने वेब-३ दिला. लॉगिन मात्र वेब-१ च्या मेमरीत पडून.

तुम्ही तपासता तेव्हा चालतं, कारण ब्राउझर तेच कनेक्शन उघडं ठेवतो आणि एक कनेक्शन शेवटपर्यंत एकाच प्रोसेसकडे राहतं. कर्ल या कमांडने दर वेळी नवं कनेक्शन उघडून बघा. लॉगच्या प्रत्येक ओळीत पीआयडी आणि सर्व्हरचं नाव असतं. एका दुकानाच्या साइटवर मी एकाच ग्राहकाच्या दोन ओळी शेजारी ठेवल्या: २३१४, वेब-१, चार सेकंदांनी २३१६, वेब-३. कार्ट रिकामं होण्याचं कारण तिथेच सापडलं. त्याआधी तीन आठवडे सगळे डेटाबेसला दोष देत होते.

उपाय म्हणजे एक प्रोसेस आणि तिच्या आत एकाच वेळी चालणारे अनेक थ्रेड. सगळे थ्रेड एकच टेबल वापरतात. एनबीथ्रेड (थ्रेडची संख्या ठरवणारी सेटिंग) १.८ मध्येच आलं, पण तेव्हा ते नवखं होतं आणि १.८ ची देखभालही आता थांबली आहे. त्यामुळे सध्या देखभाल चालू असलेल्या दीर्घकालीन आवृत्तीवर जा. आयपीचा आधारही सोडा. मोबाइल नेटवर्कवर शेकडो लोक एका आयपीमागे असतात, आणि घरातून बाहेर पडून वायफाय सुटलं की त्याच माणसाचा आयपी बदलतो. एचटीटीपी असेल तर एचएप्रॉक्सीला कुकी घालू द्या: सर्व्हरचं नाव ब्राउझरकडेच राहतं, कोणतीही प्रोसेस ते वाचू शकते, वही लागतच नाही. तरी वेब-१ बंद पडला तर त्याच्या मेमरीतली लॉगिन्स जाणारच. सेशन (ग्राहकाचं लॉगिन, कार्ट) रेडिससारख्या सगळ्या सर्व्हरांना सामायिक साठ्यात किंवा डेटाबेसमध्ये ठेवणं हाच पक्का मार्ग, आणि तो अ‍ॅप लिहिणाऱ्यांसोबत बसूनच ठरवा.

प्रश्न: कॉन्फिगमध्ये पीअर्स विभाग लिहिला की चारही प्रोसेसची टेबलं जुळतात, असं ऐकलं. खरं का?

ऐकीव आहे, आणि चूक. पीअर्स वेगवेगळ्या एचएप्रॉक्सींमध्ये टेबल जुळवतं. एकाच एचएप्रॉक्सीच्या चार प्रोसेसमध्ये नाही. रीलोडच्या (नवी कॉन्फिग लागू करण्याच्या) वेळी मात्र ते फार उपयोगी: जुनी प्रोसेस नवीला टेबल सोपवते. त्यासाठी विभागात स्वतःच्याच मशीनची नोंद हवी आणि तिचं नाव होस्टनेमशी जुळायला हवं. लाइव्हवर लावण्याआधी स्टेजिंगवर (चाचणीच्या मशीनवर) रीलोड करून 'शो टेबल' या आदेशाने खात्री करा.

प्रश्न: पीएचपी साइटवर अर्धा तास काही केलं नाही की लॉगआउट होतं. हेही प्रोसेसमुळेच?

बहुधा नाही, पीएचपीचं सेशन मुळात १४४० सेकंदांचं, म्हणजे २४ मिनिटांचं असतं, आधी ती सेटिंग बघा.

प्रश्न: एका आयपीला दहा सेकंदांत १०० विनंत्यांची मर्यादा घातली, तरी काही जण ४०० च्या जवळ जातात.

चार वह्या, चार मोजण्या. मर्यादा २५ करू नका: वाटणी समान होत नाही, आणि एकच कनेक्शन धरून बसलेला सरळ ग्राहक २५ वरच अडकेल. हल्ला चालू असेल तर सुरक्षा बघणाऱ्यांना आजच कळवा.

प्रश्न: आमचा पुरवठादार म्हणतो, मोठं मशीन घ्या आणि आठ प्रोसेस चालवा.

आठ प्रोसेस म्हणजे आठ वह्या. दुखणं दुप्पट होईल, आणि प्रत्येक प्रोसेस स्वतःचे हेल्थ चेक (सर्व्हर चालू आहे का याची तपासणी) पाठवते, म्हणून मागच्या सर्व्हरांवर तेही एका प्रोसेसच्या आठपट. एनबीप्रॉक २.३ मध्येच जुनाट ठरवलं गेलं आणि २०२१ च्या २.५ मध्ये काढून टाकलं. जो पर्याय आज अस्तित्वातच नाही त्यासाठी मशीन विकणाऱ्याला एकच विचारा: आमचं आत्ताचं मशीन कुठे कमी पडतंय, ते लॉगमध्ये दाखवा. बदल ठरलाच, तर जुनी कॉन्फिग जपून ठेवा, नवी तपासणीच्या आदेशातून पास करून घ्या, आणि सिस्टिम अ‍ॅडमिन जागेवर असतानाच हात लावा. शुक्रवारी संध्याकाळी नको.